इंटरसेप्शन ३च, तरी चौथा नंबर?

प्रश्न: अमेरिकन फुटबॉलमध्ये सिनसिनाटी युनिव्हर्सिटीच्या सॉस गार्डनरने २०२१ च्या कॉलेज सीझनला ३च इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्या टीमचे ३च पास मधेच पकडले, तरी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात तो) न्यूयॉर्क जेट्सनी त्याला चौथ्या नंबरला उचललं. असं काय दिसलं त्याच्यात?

उत्तर: अहो, इंटरसेप्शनवर जाऊच नका, तो कॉर्नरबॅक, म्हणजे पास पकडणाऱ्या रिसीव्हरला रोखणारा, आणि चांगल्या कॉर्नरबॅककडे क्वार्टरबॅक (पास टाकणारा) बॉल टाकतच नाही तर तो पकडणार कुठून! अख्ख्या कॉलेजात त्याच्यावर एकही टचडाउन पास (थेट गुण देणारा) झाला नाही, हे खरं बघायचं. उंची जवळपास सव्वासहा फूट, ४० यार्डांची धाव ४.४१ सेकंदात. पण मी आधी कंबर बघतो, रिसीव्हर वळला की हा किती पावलांत वळतो, आणि हात कुठे असतात, कारण कॉलेजात बॉल सुटेपर्यंत चालणारा धक्का एनएफएलमध्ये ५ यार्डांनंतर दिला की फ्लॅग, म्हणजे पेनल्टी. एनएफएलच्या पहिल्याच वर्षी ऑल-प्रो (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात) झाला तो, इंटरसेप्शन तेव्हाही २च.