आधी प्रेम की आधी खून? वाचकांचे प्रश्न, लेखिकेची उत्तरं

गेल्या अंकात संपादकांनी जाहीर करून टाकलं की रोमँटिक सस्पेन्स लिहिणाऱ्या बाईंना काय विचारायचंय ते विचारा, आणि आलेला गठ्ठा बघून वाटलं की लोकांना पुस्तकापेक्षा ते बनतं कसं यातच जास्त रस आहे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी फक्त 'खुनी कोण ते सांगा ना' एवढंच लिहिलंय त्यांना सॉरी, पुस्तक वाचा.

ताई, तुम्हाला आधी लव्हस्टोरी सुचते की आधी खून?

आधी शंका सुचते. एक बाई आहे, तिला एक माणूस आवडायला लागलाय आणि त्याच्याबद्दलची एक गोष्ट जुळत नाहीये. ती गोष्ट कुठली हे सापडलं की मग खून, अपहरण, गायब झालेला भाऊ, जे काय असेल ते मागून येतं, आणि नाही आलं तर ती कल्पना मी सोडून देते. नवीन लिहिणारे पुष्कळदा काय करतात, एक प्रेमकथा घेतात, एक रहस्यकथा घेतात आणि आळीपाळीनं एकेक प्रकरण लावत जातात, मग वाचणारा प्रेमाची पानं गाळून खुनाकडे पळतो नाहीतर खुनाची गाळून प्रेमाकडे. दोन्हीकडे प्रश्न एकच पाहिजे, ह्या माणसावर विश्वास ठेवायचा का. तिला तो मनासाठी पडलेला असतो आणि जिवासाठी पण.

डॅफ्ने ड्यू मॉरिएची 'रेबेका' घ्या, १९३८ ची इंग्रजी कादंबरी. नायिकेचं नावसुद्धा ती बाई पुस्तकभर सांगत नाही. नायिकेला सतत वाटत असतं की नवऱ्याचा जीव अजून वारलेल्या पहिल्या बायकोतच अडकलाय, आणि आपल्याला वाचताना वाटत असतं की त्या पहिल्या बायकोच्या मरणात काहीतरी गडबड आहे. मग तो कबूल करतो की मला ती आवडतच नव्हती, मीच मारलं तिला. (ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली, आता तरी स्पॉयलर म्हणून ओरडू नका.) एका कबुलीत दोन्ही प्रश्न सुटतात आणि भयंकर म्हणजे नायिकेला सुटल्यासारखं वाटतं, की चला, ह्याचं प्रेम तिच्यावर नव्हतं! नवरा खुनी निघाला हे तिच्या डोक्यात नंतर येतं. आपणही तिच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते. मला जे लिहायचं असतं ते हेच, जमेल तेवढं.

पुस्तक सुरू करताना शेवट माहीत असतो का? की लिहिता लिहिता सुचत जातं?

कोणी केलं आणि का केलं हे माहीत असतं. पकडला कसा जाणार हे बहुतेक वेळा माहीत नसतं, आणि ते बरंच आहे, कारण मलाच पहिल्या दिवसापासून रस्ता दिसत असेल तर तो वाचणाऱ्यालाही दिसतो. पण एक काम मी कधीच टाळत नाही. खलनायकाची वेगळी वही असते. पुस्तकात तो दहा प्रकरणांत दिसत नसला तरी त्या प्रत्येक प्रकरणाच्या वेळी तो कुठे होता, कोणाला फोन केला, कशाला घाबरला, काय जाळून टाकलं, हे सगळं तारीखवार लिहून ठेवते. ह्यातलं पुस्तकात फार थोडं येतं. पण ती वही नसली की खलनायक लेखकाच्या सोयीनं उगवतो आणि लेखकाच्या सोयीनं मूर्खपणा करतो, तुम्ही वाचलं असेल असं, शेवटच्या प्रकरणात पिस्तूल रोखून उभा राहून आपलाच सगळा प्लॅन समजावून सांगणारा माणूस. त्याला एवढी काय घाई होती बोलायची?

तुमचे क्लू समोर असतात आणि तरी दिसत नाहीत. हे कसं करता? (असं विचारणारी बरीच पत्रं आहेत.)

एक उदाहरण देते, सध्या लिहितेय त्यातलंच, पुस्तक येईपर्यंत विसरून जा.

नायिका आजीच्या बंद घरी पहिल्यांदाच आलीय, सोबत तो. बाहेर पाऊस, आणि दोघांचं नुकतंच जोरात भांडण झालंय. तिला मागचं दार उघडता येत नाहीये, किल्ली फिरते पण दार हलत नाही. तो चिडलेलाच आहे, तरी पुढे होतो, म्हणतो, 'सोड, भिजतेयस,' आणि दार जरा वर उचलून खांद्यानं ढकलतो. उघडतं. तिच्या मनात येतं की एवढं भांडूनसुद्धा मी भिजू नये म्हणून धडपडतोय हा, आणि ती विरघळते.

पुढे अर्धं पुस्तक गेल्यावर एक शेजारीण सहज म्हणते की त्या दाराची खोड घरच्यांनाच माहीत, उचलल्याशिवाय ते उघडतच नाही. म्हणजे हा इथे आधी येऊन गेलाय.

आता बघा, क्लू लपवायला मी काहीच झाकलेलं नाही, सगळं तुमच्यासमोर झालं. फक्त त्या क्षणी तुमचं लक्ष भांडण मिटतंय का ह्याच्याकडे होतं. रहस्यकथावाले क्लू दहा वस्तूंच्या यादीत सहावा ठेवून लपवतात, त्यात काही वाईट नाही, मी पण करते. पण आमच्या प्रकारात सगळ्यात चांगली लपायची जागा म्हणजे प्रेमाचा प्रसंग, कारण तिथे वाचणाऱ्याचं डोकं जरा सैल झालेलं असतं. आणि जी गोष्ट आधी माया म्हणून वाचली तीच नंतर पुरावा म्हणून वाचावी लागली की पोटात गोळा येतो, तो कुठल्याही रक्ताच्या डागानं येत नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये ते दार प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत होतं. शेवटची ओळ सगळ्यांच्या लक्षात राहते, म्हणून उचलून मध्ये टाकलं आणि शेवट भांडणावर केला.

सस्पेन्स म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत काहीच कळू न देणं ना?

उलटं आहे हो. सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉकनं १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हे समजावून सांगितलंय, ते टेबलाखालच्या बॉम्बचं. दोघं गप्पा मारतायत, अचानक स्फोट झाला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब खाली आहे आणि किती वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं तर त्याच बोअरिंग गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. आमच्याकडे फरक एवढाच की बॉम्ब त्या दोघांपैकीच एकानं ठेवलाय का, ही पण शंका असते.

रिसर्च किती करता? आणि तुमची सर्च हिस्टरी पोलिसांनी बघितली तर?

तर मी आत जाईन आणि नवरा साक्ष देईल!

करावा लागतो, पुष्कळ, कारण सिनेमांनी आपल्या डोक्यात कचरा भरून ठेवलाय. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस दोन सेकंदांत गार, हे खोटं, त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ समोरचा माणूस झटापट करत असतो, शिवाय डोस जरा जास्त झाला तर तो मरूही शकतो. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून गुपचूप गोळी, हेही बहुतेक वेळा फुकट, कारण फिरणारं सिलेंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते आणि आवाज तिथूनही बाहेर पडतो. आणि रक्त पुसल्यावर ल्युमिनॉल नावाचं रसायन फवारलं की निळं चमकतं हे खरं आहे, पण ते ब्लीचनंही चमकतं, त्यामुळे चमकलं म्हणजे रक्तच असं कुठलाही शहाणा तपास अधिकारी म्हणणार नाही. ह्या शेवटच्या गोष्टीनं माझं एक अख्खं प्रकरण उभं राहिलंय. नायक फरशी ब्लीचनं धूत होता, ती घाण साफ करायला की आणखी कशासाठी? नायिकेला दोन्ही शक्य वाटतं. माहिती पुस्तकात घालायचीच असेल तर ती अशी घालावी, शंका वाढवणारी. नुसती हुशारी दाखवायला घातली की ते पान क्रमिक पुस्तक होतं.

मी अठरा वर्षांची आहे, मला तुमचे हीरो आवडतात पण मैत्रीण म्हणते असले हीरो टॉक्सिक असतात. तुम्हाला काय वाटतं?

तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. ती चुकीचं बोलत नाहीये, ह्या प्रकारात फार वर्षं पाठलाग करणाऱ्याला प्रेमवीर म्हणून खपवलं गेलंय. न सांगता मागे येणं, फोन तपासणं, दुसऱ्याशी बोलली म्हणून मनगट धरणं आणि मग 'काळजी वाटते म्हणून' असं म्हणणं.

आता माझी अडचण समजून घे. नायक संशयित वाटला पाहिजे, नाहीतर सस्पेन्स नाही, आणि तू त्याच्या प्रेमात पडली पाहिजेस, नाहीतर रोमान्स नाही. म्हणून मी त्याच्यावरचा संशय त्याच्या भूतकाळातून आणते, तो काय लपवतोय, कुठे होता, पैसे कुठून आले, पण तिच्याशी तो वागतो कसा त्यातून शक्यतो आणत नाही. माझी एक साधी कसोटी आहे, ती नाही म्हणाल्यावर तो काय करतो. ती म्हणाली आज मला एकटीला राहू दे, तर खरा नायक चरफडत का होईना निघून जातो. आणि खलनायक? तो फुलं घेऊन परत येतो. तिसऱ्या पुस्तकात मी हे इतकं उघड करून ठेवलं होतं की फुलं दिसली रे दिसली की वाचकांनी त्याला ओळखावं अशी माझी अपेक्षा होती, पण पत्रं आली की किती गोड आहे हो तो फुलंवाला. मग शेवट वाचून त्याच वाचक माझ्यावर चिडल्या. मला मात्र भारी वाटलं.

घरचे वाचतात का? 'तसले' प्रसंग लिहिताना लाज नाही वाटत?

वाचतात. सासूबाई ती पानं चष्मा लावून वाचतात आणि खुनाची पानं मला घाण वाटतात म्हणून सोडतात. लाजेचं म्हणाल तर, ओठांवर ओठ वगैरे सगळ्यांना लिहिता येतं, मला अवघड जातं ते त्याच्या आधीचं, दोन माणसं एका खोलीत आहेत आणि दोघांनाही माहीत आहे आणि कोणीच बोलत नाहीये. तो एक परिच्छेद कधी कधी आठवडाभर खातो.

रोज किती लिहिता? मूड नसेल तर?

सकाळी लिहिते, घर जागं व्हायच्या आत. शब्द मोजत नाही, प्रसंग मोजते, एक प्रसंग पुढे सरकला की दिवस सत्कारणी. मूडची वाट बघत नाही. खरा त्रास होतो पुस्तकाच्या मध्यावर, सुरुवातीचा उत्साह संपलेला, शेवट लांब, आणि दोघं नुसती एकमेकांवर संशय घेत फिरतायत. तेव्हा मी एक करते, पुढे कधीतरी फोडायचं म्हणून राखून ठेवलेलं गुपित लगेच फोडते. मग पुढचं काय, ही भीती वाटते खरी, पण त्या भीतीतूनच पुढची दीडशे पानं येतात. राखून ठेवलेल्या गुपितांची पुस्तकं मध्ये फुगतात.

टोपणनाव का? लपवण्यासारखं काय आहे?

काही नाही, दुसऱ्या नावानं मी मुलांच्या गोष्टी लिहिते आणि मुलांना चुकून प्रेताचं पान मिळू नये एवढंच. अगाथा ख्रिस्तीनं उलटं केलं होतं, खून स्वतःच्या नावानं आणि प्रेमाच्या, नात्यांच्या कादंबऱ्या मेरी वेस्टमॅकॉट ह्या नावानं, १९३० पासून अशा सहा, आणि बरीच वर्षं ते कोणाला कळलंही नव्हतं. मला वाटतं खुनापेक्षा प्रेम लिहिताना माणूस जास्त उघडा पडतो, तिला आडोसा लागला असेल तर नवल नाही.

शेवट आधीच ओळखला तर वाईट वाटतं का?

पाच पानं आधी ओळखला तर आनंद होतो. शंभर पानं आधी ओळखला तर कुठल्या ओळीवर ओळखला ते मला नक्की कळवा, मी गंमत करत नाहीये.

मागच्या पुस्तकातल्या त्या दोघांचं पुढे काय झालं? दुसरा भाग येणार का?

त्यांचा नाही. त्या दोघांचा एकमेकांवर विश्वास बसलाय, आता मी परत तो उगाच मोडला तर तुम्हीच म्हणाल बाईंना पैसे पाहिजेत. पण वकिलाची ती धाकटी बहीण आठवते का, जी सगळीकडे उशिरा पोचते? तिची गोष्ट लिहितेय, दाराचा किस्सा तिचाच. ती दोघं त्यात एका लग्नात येऊन जातील, कोणाच्या लग्नात ते अजून ठरायचंय.