टोनआर्मला वजन लावण्याआधी

माझ्या रेकॉर्ड प्लेयरच्या टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या हाताचं) प्रभावी वस्तुमान, म्हणजे सुईच्या टोकाशी जाणवणारा जडपणा, १२ ग्रॅम आहे, त्यावर ऑर्टोफॉन २एम रेड कार्ट्रिज (सुईची कंपनं विजेत बदलणारी डबी). खर्ज वाढावा म्हणून हेडशेलवर (कार्ट्रिज बसते त्या आर्मच्या टोकावर) ४ ग्रॅम शिसं चिकटवू का? (परभणी)

नका चिकटवू. आर्मचा जडपणा आणि सुईच्या दांडीचा लवचिकपणा मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी जोडी होते. तिची स्वतःची कंपनसंख्या ८ ते १२ हर्ट्‌झच्या आसपास असावी. कारण वाकड्या तबकडीचे हेलकावे त्याच्या खाली असतात आणि संगीत साधारण २० हर्ट्‌झपासून वर.

कागद घ्या. आर्मचे १२, कार्ट्रिजचे ७.२ आणि स्क्रूंचा सुमारे १, झाले २०.२ ग्रॅम. त्याला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने (सुईची दांडी किती लवचिक ते सांगणाऱ्या आकड्याने), म्हणजे २० ने गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ ला भागा. उत्तर ७.९ हर्ट्झ. आधीच काठावर आहात. शिसं लावलंत की ७.२. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तबकडी सहज वाकते. तशी तबकडी लावली की आर्म डुलतो, स्पीकरचा पडदा विनाकारण आत-बाहेर होतो आणि डग्ग्याची घुमक उलट गढूळ होते.

तुम्हाला हवा आहे हलका हेडशेल. शिवाय मागचं काउंटरवेट (आर्मचा तोल साधणारं वजन) जड घेऊन अक्षाच्या जवळ आणता आलं तर आणा. जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून दूरच्या हलक्या वजनापेक्षा जवळचं जड वजन बरं. नंतर आर्म पुन्हा तोलून सुईचा दाब १.८ ग्रॅमवर काट्याने मोजून लावा, अंदाजाने नव्हे.

शिसं वाया जात नाही, फक्त त्याची जागा वेगळी. डेनॉन डीएल-१०३ सारख्या ताठ दांडीच्या कार्ट्रिजला जड आर्मच मानवतो.

आर्मच्या आतली तार बदलली, आता उजव्या बाजूला नुसती गुणगुण येते. (जालना)

तारांचे रंग तपासा: लाल उजवी, हिरवी तिची अर्थिंगची, पांढरी डावी, निळी तिची अर्थिंगची. बहुधा हिरवी सुटली आहे. गुणगुण दोन्ही बाजूंना असती तर आर्मच्या धातूची स्वतंत्र अर्थिंगची तार आधी पाहायला सांगितली असती. एक कळकळीची विनंती: कार्ट्रिजच्या पिनांवर कधीही सोल्डर करू नका. त्या उष्णतेने आतली केसासारखी तार तुटते आणि कार्ट्रिज कायमचं जातं. तारेच्या टोकाच्या क्लिपला आधी सोल्डर करा, ती थंड झाल्यावर पिनवर सरकवा.

बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचं तेल घातलं तर आर्म मोकळा फिरेल का? (नांदेड)

चार दिवस फिरेल. मग आपल्या काळ्या मातीची धूळ तेलावर बसून बेअरिंग घट्ट होईल. आर्म शून्य दाबावर, म्हणजे आडवा तरंगत राहील असा तोला आणि हलकी फुंकर मारा. तो अडखळत असेल तर बेअरिंग साफ करून घ्या. बोटांनी हलवल्यावर खडखडत असेल तर ते सैल आहे, तेलाने सुधारणार नाही.

आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या खरखरतात. आर्म बदलू? (अंबाजोगाई)

सुई बदला. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची (३३ फेऱ्यांच्या तबकडीची) सुई १८ ते २५ मायक्रॉनची, म्हणून ती खाचेच्या तळातली घाण उकरत जाते. सुई बदलल्यावर दोन्ही बाजू एकत्र करून मोनोवर ऐका, खरखर आणखी कमी होईल.