लवकर येणाऱ्या स्वीट कॉर्नचं बी धरताना

पहिल्याच वर्षी सुपरस्वीटच्या, म्हणजे जास्त साखरेच्या मक्याच्या, मागे लागू नका. त्याचा दाणा वाळला की पार चिपाड होतो, आत पिष्ट फारसं नसतंच. गार, ओल्या मातीत उगवण्याआधीच कुजतो. माती १६ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर जुनी, साधी गोड जात बरी. लावणी चार-पाच आखूड ओळींच्या चौकोनात करा, म्हणजे पराग सगळीकडे पडतो.

आता निवड. मी तीन हंगाम सगळ्यात आधी भरलेली कणसं बियाण्याला ठेवत होतो, तरी पीक काही लवकर येईना. आई लवकरची, बाप मात्र कुणीही! मक्याचा तुरा सहसा केस फुटण्याआधी दोन-तीन दिवस पराग सोडायला लागतो, त्यामुळे लवकरच्या कणसावर मागाहून आलेल्या झाडांचाही पराग बसतो. म्हणून आधी केस फुटलेल्या झाडांना दोरा बांधा आणि मागे राहिलेल्यांचे तुरे पराग सुटण्याआधीच उपटा. तीच झाडं बहुधा उंच, देखणी असतात. हात धजावत नाही, पण उपटाच.

बी मात्र दोन-चार कणसांवर धरू नका. निदान शंभर झाडं लावा, नाहीतर काही पिढ्यांत वाण खुरटतो.

कणसं वाळल्यावर दाणे नीट बघा. सुरकुतलेल्या दाण्यांत एखादा गुळगुळीत, टपोरा दिसला तर तो शेजारच्या साध्या, गोड नसलेल्या मक्याचा संकर. वेचून टाका.