दूषित जागेच्या तपासणीसाठी पहिल्या साइटला निघण्याआधी

यंत्रं नंतर, आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल. 'तिकडे ओढ्याकाठी ड्रम पुरायचे' हे कुठल्याच नकाशावर नसतं.

आपल्याकडे खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. पाणी भेगांतून वाहतं, त्यामुळे चौकटी आखून बोअर घेतले तरी दूषित पट्टा हुकू शकतो. अहवालात हे स्पष्ट लिही, झाकू नकोस. कारखान्याचा मालक म्हणेल, 'क्रोमियम जरा कमी दाखवा,' वर चहाही चांगला पाजेल. चहा पी, आकडा बदलू नकोस.

सॉल्व्हंटचा, म्हणजे झटकन उडून जाणाऱ्या द्रावकाचा संशय असेल तर पाण्याची बाटली काठोकाठ भर, झाकण घट्ट लाव, उलटी करून टिचकी मार. बुडबुडा दिसला की नमुना बाद, कारण त्या हवेत सॉल्व्हंट उडून जातं. मी एकदा उन्हाला वैतागून 'चालतंय की' म्हणत तसेच नमुने पाठवले. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला! नंतर सगळं पुन्हा करावं लागलं, तेही आमच्या खर्चाने.

नमुना कुणी घेतला, किती वाजता, कुणाच्या हाती दिला, ते तिथल्या तिथेच लिहायचं. बर्फाची पेटी विसरू नकोस. आणि केंद्राचे २०२५ चे दूषित स्थळांचे नियम गाडीत बसून वाचून काढ, रस्ता लांबचा आहे.