नातेवाइकांची यादी आणि आर्थिक सल्लागार

खानापूर तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बेळगावात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असून तिला आर्थिक सल्लागार करायचे त्यांनी ठरवले आहे, आणि पीयूसीचे (म्हणजे बारावीचे) ६८ टक्के त्यासाठी पुरतील का, असे ते विचारतात.

गुण पुरतील. मला काळजी वाटली ती आपल्या पत्रातील दुसऱ्याच वाक्याची: ‘भाऊबंद आणि पाव्हणे मिळून दोनशे घरांची यादी तयार आहे, प्रत्येकाने एकेक पॉलिसी घेतली तरी पोरीचे बस्तान बसेल.’ यातील काही जणांना आपण शब्दही देऊन बसला आहात. भिडेखातर घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थकतो, भरलेल्या पैशांतले बरेचसे बुडतात, आणि मग लग्नकार्यात नजर चुकवत फिरण्याची वेळ येते ती मुलीवर. यादी करणारे वडील मात्र मांडवात पान खात बसलेले असतात.

शिवाय आपण ज्याला सल्लागार म्हणता तो विमा एजंट आहे. ते काम हलके आहे असे मी म्हणणार नाही, पण एजंटाला कमिशन देते ती कंपनी, आणि सल्लागाराला फी देतो तो अशील. कोणाच्या बाजूने विचार करायचा, हे त्यावरूनच ठरते. बेळगावातील एका सल्लागारांकडे मी बसलो असताना चिकोडीकडचे एक शिक्षक कापडी पिशवीतून सात पॉलिसी घेऊन आले होते. वर्षाचा हप्ता ८४ हजार रुपये, त्यांचे काही बरेवाईट झाले तर घरच्यांच्या हाती पडणार जेमतेम ९ लाख, आणि डोक्यावर गृहकर्ज १८ लाखांचे. दोन पॉलिसींवर नॉमिनी म्हणून अजून दिवंगत वडिलांचेच नाव होते. सल्लागारांनी त्या दिवशी काहीही विकले नाही. त्यांनी घरखर्चाचे आकडे मागितले, टर्म विम्याचा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणाऱ्या विम्याचा, हिशेब मांडला, कोणत्या पॉलिसी चालू ठेवायच्या आणि कोणत्या पेड-अप करायच्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवायच्या, ते कागदावर लिहून दिले, पिग्मीत, म्हणजे रोजच्या अल्पबचतीच्या खात्यात, साठलेल्या रकमेला सहा महिन्यांच्या खर्चाएवढी होईपर्यंत हात लावू नये असे बजावले, आणि नॉमिनी बदलण्याचे अर्ज भरून घ्यायला सांगितले. शेअर बाजाराचा विषय निघाला तो शेवटच्या दहा मिनिटांत, तोही शिक्षकांनीच काढला म्हणून.

गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन द्यायचा असेल, तर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेच्या, २०१३ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते, आणि अशी नोंदणी घेतलेल्या व्यक्तीला सल्ल्याबरोबर म्युच्युअल फंडांचे वितरण करून कमिशन घेता येत नाही. पदवी, एनआयएसएम या सेबीने स्थापलेल्या प्रशिक्षण संस्थेच्या एक्स-ए आणि एक्स-बी या दोन परीक्षा, मग नोंदणी, असा हा रस्ता आहे. कमाईबद्दल मात्र भ्रमात राहू नये: आपल्या भागात डॉक्टरची फी विनातक्रार दिली जाते, पण पैशांचा सल्ला चहाबरोबर फुकट मिळावा अशी अपेक्षा असते, त्यामुळे पहिली काही वर्षे ओढाताणीची जातील.

म्हणून पदवीनंतर दोन वर्षे मुलीला बेळगावातील एखाद्या सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करू द्यावे. तिथे तिला घराघरांतले कर्ज, कर आणि जमिनीचे कागद हाताळायला मिळतील. त्यासाठी तिने कन्नड नीट वाचायला शिकणे आवश्यक आहे, कारण गोकाकचा शेतकरी समोर ठेवील ती पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नडमध्येच असेल. सीमाप्रश्नावर आपले मत काहीही असो, तो कागद तिला स्वतःला वाचता आला पाहिजे.

आपल्या पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे, ती कदाचित आपल्या नजरेतून सुटली असावी: ‘मला हिशेब आवडतात, पण लोकांच्या मागे लागायला जमणार नाही.’ दोन पानांत मुलीचे म्हणणे एवढेच आहे, आणि या व्यवसायासाठी मला ते ६८ टक्क्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. ज्यांना शब्द दिला आहे त्यांना आपणच भेटून तो परत घ्यावा, आणि पुढचे पत्र तिला लिहू द्यावे. ते पाठवण्यापूर्वी आपण वाचले नाही तरी चालेल.