सार्वजनिक अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करावे का, आणि बाजारात सरकार किती असावे हे त्यातून कळते का?

बी.ए.नंतर सार्वजनिक अर्थशास्त्रात, म्हणजे सरकारचे कर आणि खर्च यांच्या अभ्यासात, एम.ए. करावे का, सरकारने बाजारात किती हात घालावा याचा निकाल त्या अभ्यासातून लागतो का आणि गणित कच्चे असल्यास निभावते का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्याचे उत्तर 'जरूर करावे' आणि दुसऱ्याचे 'लागत नाही' असे आहे. गणिताकडे शेवटी येतो, कारण मधला प्रश्न वाचून मला माझी तोंडी परीक्षा आठवली, आणि ती आठवली की मला अजून राग येतो.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. वडील पायलट होते, म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल चालवत. मार्च 2012 मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने अर्थसंकल्पात पेट्रोलवरील व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, 0.1 टक्क्यावर आणला आणि एप्रिलच्या सुरुवातीला पेट्रोल लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी उतरले. त्या वेळी मी लघुप्रबंधासाठी विषय शोधत होतो. आमच्याकडे महामार्गाने पत्रादेवी ओलांडली की महाराष्ट्र सुरू होतो, आणि थोड्याच दिवसांत अलीकडच्या पंपांवर बांदा-सावंतवाडीकडच्या गाड्यांची रांग दिसू लागली. मी एका पंपासमोरच्या काजूच्या झाडाखाली दोनशे पानी वही घेऊन बसलो आणि पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे गोव्याच्या गाड्यांसाठी 'जीए', उजवीकडे सिंधुदुर्गच्या गाड्यांसाठी 'एमएच 07' असे लिहून गाडीगणिक काडी ओढू लागलो. पंपावरच्या पोराला वाटले की मी विक्रीकर खात्याचा माणूस आहे. त्याने मला दोनदा चहा आणून दिला. रविवारच्या एका पानावर उजवीकडच्या काड्या डावीकडच्या काड्यांना जवळजवळ गाठत आल्या होत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी ती वही दोन बोटांनी उघडली आणि विचारले, "पेट्रोलची मागणी अलवचीक असते, हे अकरावीचा मुलगाही सांगेल. मग तुम्ही नंबरप्लेटी मोजून काय सिद्ध केलेत?" अलवचीक म्हणजे भाव चढला-उतरला तरी फारशी न हलणारी. मार्गदर्शक सर खिडकीबाहेर पाहत राहिले. मला काहीही बोलता आले नाही. उत्तर सुचले ते घरी परतताना, कदंबच्या बसमध्ये, म्हापसा मागे पडल्यावर.

ते उत्तर असे होते. माणसाला महिन्याला किती लिटर पेट्रोल लागते, ही मागणी अलवचीक आहे, मान्य. पण ते कोणत्या पंपावर भरायचे, ही निवड विलक्षण लवचीक आहे. संपूर्ण देशाचा विचार करणाऱ्याला पहिलीच लवचिकता दिसते. परंतु कर लावणारे राज्य गोव्याएवढे लहान असेल आणि त्याचे कित्येक पंप सीमेपासून हाकेच्या अंतरावर असतील, तर त्याच्या तिजोरीसाठी दुसरीच महत्त्वाची ठरते. फ्रँक रॅम्से यांनी 1927 मध्ये मांडलेला नियम, म्हणजे ज्या वस्तूची मागणी कमी लवचीक तिच्यावर कर अधिक, हा आपण परीक्षेत घडाघडा लिहितो. मात्र ती लवचिकता कोणाच्या अंगणातून मोजायची, हे विचारत नाही. चार्ल्स टीबू यांनी 1956 मध्ये म्हटले की नागरिक आपल्या पसंतीच्या स्थानिक शासनाकडे राहायला जाऊन पायांनी मतदान करतात. आमच्या पंपावर ते टायरांनी चालले होते, आणि त्यासाठी कोणाला घर बदलावे लागत नव्हते.

म्हणूनच, सरकार बाजारात किती असावे, हा प्रश्न मला चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. पुस्तकातले सरकार एकवचनी असते आणि बाजाराच्या बाहेर, पंचासारखे उभे असते. रिचर्ड मसग्रेव्ह यांनी 1959 मध्ये सरकारची तीन कामे सांगितली: साधनांचे वाटप, उत्पन्नाचे पुनर्वितरण आणि अर्थव्यवस्थेचे स्थैर्य. ती आजही पाठ असावीत. पण त्या पंपावर केंद्राचे उत्पादन शुल्क होते, गोव्याचा व्हॅट होता, शेजारच्या राज्याचा व्हॅट नसूनही होता, आणि ही सरकारे परस्परांशी दुकानदारांसारखी भाव लावत होती. राज्याने कर उतरवला म्हणजे सरकार बाजारातून बाजूला झाले, असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ भेटले. माझ्या मते सरकार उलट बाजारात उतरले, आणि तेही सवलतीचा फलक लावून.

आता त्या सवलतीचा हिशेब. 55 रुपयांच्या आसपास असलेल्या पेट्रोलवर 0.1 टक्का म्हणजे लिटरमागे पाच-सहा पैसे. शेजारची गिऱ्हाइके ओढून महसूल वाढवायचा, असा हेतू असता तर कर शेजाऱ्यापेक्षा थोडासा खाली ठेवणे पुरेसे होते. पाच पैशांच्या दराने उजवीकडच्या कितीही काड्या वाढल्या तरी पंपमालकाचे कमिशन वाढते, तिजोरी नाही. त्यातच सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील खाणी थांबल्या आणि महसुलाचा तोही झरा आटला. पुढे पेट्रोलवरचा कर टप्प्याटप्प्याने पुन्हा चढला, यात नवल नाही.

सवलत कोणाला पोहोचली, हे मात्र मला घरीच कळले. वडिलांचे तिठ्यापासून बाजारापर्यंतचे भाडे एका रुपयानेही उतरले नाही. स्टँडवर नंबराने भाडे घेण्याची रीत असल्यामुळे भाव पाडून गिऱ्हाईक पळवणारा तिथे कोणी नव्हता. करात झालेली घट तेल कंपनीकडून पंपापर्यंत पूर्ण उतरली आणि वडिलांच्या खिशात येऊन थांबली. मागे बसणाऱ्यापर्यंत ती गेलीच नाही. कराघात एकावर आणि करभार दुसऱ्यावर, म्हणजे कर भरतो एक आणि त्याचा बोजा सोसतो दुसरा, हे प्रकरण मी पुस्तकात तीनदा वाचले होते; समजले ते वडिलांनी त्या चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडणीचे, सामान घासाघीस न करता घेतले तेव्हा. याच न्यायाने, दोन मोटारी असलेल्याला आमच्या कित्येक पटींनी लाभ झाला आणि बसने जाणाऱ्या बाईला काहीच मिळाले नाही, कारण बस डिझेलवर चालत असे. पेट्रोलच्या धुराचा आणि गर्दीचा भुर्दंड इतरांवर पडतो म्हणून त्यावर कर असावा, हा पिगू यांच्या पठडीतला विचार तर त्या अर्थसंकल्पीय चर्चेत मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

आज कोणी हा विषय घेणार असेल तर मी त्याला जीएसटीपासून सुरुवात करायला सांगेन. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला. त्यातला राज्याचा वाटा साधारणपणे जिथे वस्तू वापरली जाते त्या राज्याला मिळतो. पेट्रोल त्याच्या बाहेर राहिले, त्यामुळे त्यावरच्या कराचा दर अजून प्रत्येक राज्य आपापला ठरवते, आणि तो कर पंप जिथे आहे तिथे जमा होतो. दारूची बाटली सीमेपलीकडे नेताना तपासणी नाका आडवा येतो, भरलेल्या टाकीला कोणी हात लावत नाही. हा एवढा फरक नीट उलगडला तरी अर्धा अभ्यासक्रम हाताला लागतो. आणि मार्गदर्शक निवडताना विद्यार्थ्याची वही उघडून बघणारा निवडा. खिडकीबाहेर बघणारे सगळीकडे मिळतात.

न्याय म्हणून हेही सांगायला हवे की माझ्या मोजणीत एक मोठे भोक होते. दोडामार्ग-सावंतवाडीकडची कितीतरी माणसे रोज कामासाठी गोव्यात येतात आणि ती आधीपासून इथेच पेट्रोल भरत असणार. एप्रिलपूर्वीची एकही काडी माझ्या वहीत नव्हती, त्यामुळे वाढ किती झाली हे मला कधीच दाखवता आले नसते. सरांनी हे विचारले असते तर मी मुकाट्याने हरलो असतो. त्यांनी ते विचारले नाही.

गणिताचे म्हणाल तर अवकलन आणि थोडे संख्याशास्त्र एवढ्यावर एम.ए. निघते, बारावीचे पुस्तक घेऊन सुट्टीत बसा, दोन-तीन महिन्यांत जमते. लवचिकतेचे सूत्र मला सरांइतकेच पाठ होते.