गाणे येते, पण ते लोकांपर्यंत न्यायचे कसे?

प्रिय ताई,

मी २७ वर्षांची आहे. घर सांगलीचे, सध्या पुण्यात एका बँकेत नोकरी करते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झाले आहे आणि अजूनही दर शनिवारी बाईंकडे नाट्यसंगीत शिकायला जाते. दोन वर्षांपासून हिंदी चित्रपटगीतांचे छोटे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकते, पण ते फारसे कोणी पाहत नाही आणि बाईंनाही ते पसंत नाही. स्वतःची जाहिरात करायची मला लाज वाटते. न करावी, तर कोणी गायला बोलावत नाही. आता एका निर्मात्याने माझे स्वतंत्र गाणे आणि त्याचा व्हिडिओ करण्यासाठी दीड लाख रुपये मागितले आहेत. ते एक लाख व्ह्यूजची हमी देतात, मात्र पहिले ५० हजार २० तारखेच्या आत भरायचे आहेत. नोकरी सोडून पूर्णवेळ गाणेच करावे, असेही सारखे मनात येते. मी काय करू?

– एक गायिका, पुणे

प्रिय मैत्रीण,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिसऱ्या वाचनात एक गोष्ट लक्षात आली. नाट्यसंगीत हा शब्द तुमच्या पत्रात एकदाच येतो, आणि तोही बाईंच्या संदर्भात. ज्या गाण्यावर तुमचा गळा तयार झाला, जे तुम्ही दर शनिवारी घासूनपुसून घेता, ते तुम्ही लोकांना ऐकवतच नाही. ऐकवता ती चित्रपटगीते, जी असंख्य मुलेमुली त्याच कराओके ट्रॅकवर गात असतात. मग ऐकणाऱ्याने तुमचा आवाज वेगळा काढून लक्षात ठेवावा तरी कसा? तुम्हाला जी लाज वाटते, तिचे मूळही मला येथेच दिसते. जे आपले नाही ते आपले म्हणून पुढे करताना माणूस अवघडतोच.

आमच्या भागातील एका छोट्या संगीत मंडळासाठी गायक ठरवण्याचे काम मी ११ वर्षे केले. त्या काळात एका होतकरू गायकाचा संदेश आला. त्यात १४ दुवे होते, पण तो काय गातो हे कोठेही लिहिलेले नव्हते आणि फोन क्रमांकही नव्हता. त्याच आठवड्यात एका मुलीने लिहिले की, मी अभंग आणि नाट्यपदे गाते, माझी पट्टी काळी चार आहे, पेटी आणि तबल्याचे साथीदार ठरलेले आहेत, दोन तासांचा कार्यक्रम तयार आहे. सोबत घरीच मोबाइलवर केलेले दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण होते. मध्येच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती थांबली नाही, शिट्टी विरेपर्यंत षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून राहिली आणि मग पुढच्या ओळीवर गेली. त्या कोजागिरीला आम्ही तिलाच बोलावले. तिने आपली स्तुती एका शब्दानेही केली नव्हती. बोलावणाऱ्याला जे ठाऊक असणे गरजेचे असते, तेवढे तिने नीट सांगितले होते. तुमच्याकडूनही एवढेच अपेक्षित आहे, आणि यात लाजण्यासारखे काही नाही.

म्हणून पुढच्या महिन्याभरात एकच काम करा. तुम्हाला सर्वांत चांगली येणारी तीन पदे निवडा, पेटी आणि तबला प्रत्यक्ष साथीला घ्या आणि पंखा बंद करून एका शांत खोलीत ती सलग गा. तानपुरा ॲपवरचा चालेल, कराओके ट्रॅक नको. याला एक व्यावहारिक कारणही आहे. चित्रपटगीत दुसऱ्याच्या ट्रॅकवर गाऊन यूट्यूबवर टाकले, की त्या ट्रॅकच्या आणि गाण्याच्या मालकांचा दावा येऊ शकतो, आणि मग त्यावर जे काही उत्पन्न होईल ते त्यांच्याकडे जाते. आपल्याकडे गीतकार आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. ‘संगीत सौभद्र’ हे नाटक १८८२ सालचे, आणि त्याचे लेखक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. त्या पदांचे शब्द आज कोणीही गावेत. अभंगांच्या बाबतीत मात्र सावध राहा, कारण तुकोबांचे शब्द सर्वांचे असले, तरी अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली चाल त्याची असते. तुम्ही सांगलीच्या आहात, जेथे १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभे केले, तेथल्या मुलीने नाट्यपद गाऊन आपली ओळख करून द्यावी, यासारखे सरळ दुसरे काय असणार?

ही ध्वनिमुद्रणे माणसे निवडून पाठवा. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम गणपतीच्या आधीपासूनच ठरू लागतात. नवरात्रातील मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, गृहसंकुलांच्या सांस्कृतिक समित्या यांना नाट्यसंगीत गाणारी तरुण मुलगी हवीच असते, फक्त ती कोठे आहे हे त्यांना ठाऊक नसते. आठवडाभरात उत्तर आले नाही, तर एकदा आठवण करा, त्याहून अधिक नको. पुणे आकाशवाणीकडे सुगम आणि शास्त्रीय संगीताच्या स्वरचाचणीची चौकशीही अवश्य करा. तेथे गायकांना श्रेणी देतात, त्यांतली सुरुवातीची ‘बी’ मिळाली, तरी आयोजकांच्या दृष्टीने तिला वजन असते. मानधन आधी बोला, साथीदारांची बिदागी वेगळी सांगा आणि व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. ‘तुम्हाला व्यासपीठ मिळते आहे’ असे म्हणून गायिकेला फुकट गायला लावणारे आयोजक त्याच दिवशी मंडपवाल्याला आणि साउंडवाल्याला रोख पैसे देतात, आणि याचा मला आजही संताप येतो.

नोकरी एवढ्यात सोडू नका. गायक वसंतराव देशपांडे यांनी लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी केली. ज्या नाटकाने ते घरोघरी पोहोचले, ते ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. दरमहा पगार येत असला, की नको असलेल्या कार्यक्रमाला नाही म्हणता येते, आणि गाण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत हा आधार फार मोठा असतो. वर्षभरात गाण्याचे मानधन पगाराच्या निम्म्यावर आले, तर मला पुन्हा लिहा, तेव्हा वेगळा विचार करू.

बाईंशी बोला, पण व्हिडिओ टाकू की नको, असे विचारू नका. तीन पदांचे ध्वनिमुद्रण घेऊन जा आणि त्यांतील कोणते लोकांना ऐकवण्याजोगे झाले आहे, तेवढे विचारा. माझा अंदाज आहे, की त्यांचा राग मोबाइलवर नसावा. आपण शिकवलेले सोडून शिष्या तीस सेकंदांचे दुसरेच काही गाते, हे त्यांना लागले असावे.

आता त्या दीड लाखाविषयी. ज्यांना तुम्ही निर्माता म्हणता, ते एक रुपयाही घालणार नाहीत. सगळा खर्च तुमचा. तर मग निर्मात्या तुम्हीच असायला हव्यात. त्यांना लेखी विचारा की, मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाच्या नावावर राहील, यूट्यूब आणि स्पॉटिफायवर गाणे कोणाच्या खात्यातून जाईल, आणि गीतकार-संगीतकारांशी करार कोण करेल. गायकालाही गाण्याच्या उत्पन्नात वाटा मिळावा, ही मागणी लता मंगेशकर यांनी १९६०च्या दशकात लावून धरली होती. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरासाठीच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) गायकाचा हक्क मान्य केला. इतक्या उशिरा मिळालेला हा हक्क एखाद्या छापील कराराच्या तळाशी सही करून देऊन टाकू नका. एक लाख व्ह्यूजची हमी प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही, कारण श्रोते कोणाच्या हातात नसतात. विकत मिळतात ते आकडे. ते आकडे पाहून तुम्हाला कोजागिरीला कोणी बोलावणार नाही. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून एखादे गाणे १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकले गेले, तरच त्याचे पैसे धरले जातात, यावरून एका स्वतंत्र गाण्यातून दीड लाख परत येण्याची शक्यता किती, याचा तुम्हीच हिशेब करा. तुम्ही बँकेत आहात.

तुमचे प्रश्न त्यांना आजच पाठवा आणि २० तारीख उलटू द्या. खरेच तुमच्या आवाजासाठी आले असतील, तर ते २१ तारखेलाही फोन करतील.